पाळण्यातले पाय

13 ऑगस्ट 2010. इंग्लंडमधलं न्यूमार्केट, पावसानं मऊ झालेली धावपट्टी आणि एक मैलाची साधी मेडन रेस, म्हणजे एकदाही न जिंकलेल्या घोड्यांची. त्यात फ्रँकेल नावाचा दोन वर्षांचा कुमैत घोडा आयुष्यात पहिल्यांदा पळणार होता. रेस सुटताना त्याचा भाव होता 7/4. चार पौंड लावा, घोडा आला तर सात मिळतील, वर आपले चार परत. मैदानातला सगळ्यात कमी भाव त्याचाच, म्हणजे तोच फेव्हरिट. फ्रँकेल अर्ध्या लेंग्थनं, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीनं, जिंकला. 2012 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर चौदा रेस आणि चौदा विजय होते. त्या दिवशी त्याच्या मागोमाग आलेला नॅथॅनियलही पहिलीच रेस पळत होता, आणि पुढच्या वर्षी तो अ‍ॅस्कटची किंग जॉर्ज रेस जिंकला.

ज्याच्या नावापुढे एकाही रेसची नोंद नाही, त्याला लोकांनी ओळखलं कसं?

आधी हे पाहू, की नेमकं किती ओळखलं. 7/4 या भावाचा टक्क्यांत हिशेब केला तर अकरात चार, म्हणजे साधारण 36 टक्के येतात. बुकीचा नफा वजा केला तर त्याहूनही कमी. गर्दी म्हणत होती, ‘हा बहुतेक हरेल, पण जिंकलाच कोणी तर हाच जिंकण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.’ फेव्हरिट या शब्दाला रेसकोर्सवर एवढाच अर्थ आहे. सगळ्या प्रकारच्या रेस धरल्या तरी फेव्हरिट साधारण तीनात एकदा येतो.

दहा रेस पळलेल्या घोड्याची सगळी कुंडली रेसबुकात छापलेली असते. तो कुठल्या अंतरावर दमतो, ओल्या मैदानावर कसा पळतो, कुठला जॉकी त्याला मानवतो, सगळं. त्याचा भाव म्हणजे बहुतांशी त्या छापील माहितीचीच उजळणी. नवख्या घोड्याचं पान मात्र कोरं असतं. मग त्याची पारख लग्नाच्या स्थळासारखी होते. घराणं कुठलं, जन्म कधीचा, आणि शेजारीपाजारी काय म्हणतात.

फ्रँकेलचं घराणं मोठं होतं. बाप गॅलिलिओ, एप्समची डर्बी जिंकलेला. ट्रेनर हेन्री सेसिल. जन्मतारखेची गंमत तर बाहेरच्या माणसाला माहीतच नसते. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचं वय 1 जानेवारीला एकदमच वाढतं. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि मे महिन्यातलं, दोघंही कागदावर दोन वर्षांची. त्या वयात चार महिन्यांचा फरक छाती-खांद्यांत उघड दिसतो. फ्रँकेल 11 फेब्रुवारीचा.

आणि शेजारीपाजारी म्हणजे पहाटेची माणसं. घोडा उजाडता उजाडता ट्रॅकवर काम करतो तेव्हा कठड्याला टेकून स्टॉपवॉच दाबणारे लोक असतात. स्वार असतो, मोतद्दार असतो, शेजारच्या तबेल्यातला मोतद्दारही असतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या हंगामात मॉक रेस होतात, तिथे नवखे घोडे गेटमधून सुटायला शिकतात, आणि पाहणारा पाहून घेतो. ट्रेनरचा स्वभावही लोकांना पाठ असतो. कोणी घोडा पूर्ण तयार करूनच पहिल्या रेसला उतरवतो, कोणी पहिली रेस नुसती सवय म्हणून पळवतो.

यातल्या एकाकडेही पूर्ण सत्य नसतं. कोणाकडे एक वेळ, कोणाकडे एक कुजबुज. पण प्रत्येक जण आपल्या खिशाच्या बेतानं पैसे लावतो, आणि कोणी कोणाशी न बोलता या तुकड्यांची बेरीज भावात उतरते. नवख्यांच्या रेसमध्ये भाव हाच रेसबुक होतो. मला रेसकोर्सवरची सगळ्यात अद्भुत गोष्ट हीच वाटते, घोड्यांच्या वेगाहूनही.

हे एक प्रकारचं मतदानच आहे, आणि इतिहासानं तसा पुरावाही ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉर्ज ज्युलियस या अभियंत्यानं मतमोजणीचं यंत्र आखलं होतं. सरकारनं ते नाकारलं, तेव्हा त्यानं ती कल्पना पैजा मोजण्याकडे वळवली. 1913 साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एलर्स्ली रेसकोर्सवर त्याचं पहिलं टोटलायझेटर सुरू झालं. टोटवर बुकी नसतोच. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, कपात होते आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. भाव ठरवते ती गर्दी.

मग डोळे मिटून फेव्हरिटवर लावत जावं का? एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वोल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या 1992 ते 2001 या काळातल्या घोड्यांच्या लाखो धावा तपासल्या. दर रेसला फेव्हरिट धरणाऱ्याचे शंभरामागे साडेपाच डॉलर बुडत होते. वाटेल त्या घोड्यावर लावणाऱ्याचे तेवीस. आणि शंभरास एक किंवा त्याहून चढ्या भावाच्या घोड्यांमागे लागणाऱ्याचे एकसष्ट! त्यांच्या मते माणसाला लहान शक्यता आहे त्याहून मोठी दिसते. बुकींच्या बाजाराबद्दल ह्यून साँग शिन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळं कारण मांडलं होतं. समोरच्याला आतली खबर असेल या धास्तीनं बुकी चढ्या भावाच्या घोड्याचा भाव मुद्दाम आखडता ठेवतो. आतली खबर नवख्यांच्या रेसइतकी मोलाची दुसरीकडे कुठे असणार?

म्हणजे फेव्हरिटवर बुडतं, फक्त सावकाश. भारतात तर आता टोटवर लावलेल्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, तेव्हा सावकाश हा शब्दही उदारपणाचा.

पाळण्यातले पाय कधी कधी दिसतच नाहीत, तेही सांगायला हवं. 4 जुलै 1972 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅक्वाडक्टवर सेक्रेटॅरिएट पहिल्यांदा पळाला तो फेव्हरिट म्हणूनच. सुटताच त्याला जोराचा धक्का बसला आणि तो चौथा आला. पुढच्या वर्षी हाच घोडा बेलमाँट स्टेक्स एकतीस लेंग्थनं जिंकला. इथे गर्दीची पारख चुकली होती असं मी म्हणणार नाही. धक्का भावात मावत नाही.

खरी चूक ग्रीन मंकीच्या बाबतीत झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये फ्लोरिडात लिलावाआधीच्या चाचणीत त्यानं एक फर्लांग 9.8 सेकंदांत काढला आणि तो 1 कोटी 60 लाख डॉलरला विकला गेला. इथे कुजबुज जमवायची गरजच उरली नव्हती. एकच आकडा, तोही सगळ्यांनी वाचलेला. प्रत्येकानं आपला तुकडा आणण्याऐवजी तोच आकडा पुन्हा आणला. सप्टेंबर 2007 मध्ये तो पहिल्यांदा उतरला तेव्हा अर्थातच फेव्हरिट होता. तिसरा आला. आणखी दोन रेस पळाला, आणि एकही न जिंकता निवृत्त झाला.