पीयूषिका ग्रंथीची गाठ : शस्त्रक्रियेआधीची रक्ततपासणी

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी जेमतेम वाटाण्याएवढी असते. तिच्यातील गाठ बहुधा कर्करोगाची नसते; मात्र दृष्टीच्या मज्जातंतूंवर तिचा दाब आल्यास दोन्ही कडांचे दिसणे कमी होते. चष्मा बदलूनही अडचण राहिल्यास दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यावी.

गाठ आढळल्यावर रक्तातील प्रोलॅक्टिनची तपासणी अवश्य व्हावी. पाळी थांबणे, मूल अंगावर पीत नसताना दूध येणे ही त्याची लक्षणे असू शकतात. प्रोलॅक्टिन स्रवणारी गाठ पुष्कळदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते. ही एक तपासणी राहून गेली, तर टाळता येण्याजोगी शस्त्रक्रिया रुग्णाच्या वाट्याला येते. म्हणून मेंदूचे शल्यविशारद, संप्रेरकतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घेणे हिताचे. तिघे एका गावी क्वचितच भेटतात. अशा वेळी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीद्वारे सल्ला घेण्याची सोय आहे. एमआरआयच्या फिल्म व सर्व अहवाल एकाच फाईलमध्ये ठेवावेत. दूरदूरच्या तज्ज्ञांना जोडणारा दुवा तीच.

शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उलट्या, भोवळ वा कमालीचा अशक्तपणा आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे आणि स्टिरॉइड चालू असल्याचे प्रथम सांगावे.