शिळा सल्ला

आपल्याकडे दोन गोष्टी न मागता मिळतात. एक सर्दीवरचे औषध आणि दुसरी, मुलाला कोणत्या कॉलेजात घालावे याबद्दलचा सल्ला. सर्दी औषध घेतले तरी आठवड्यात बरी होते आणि न घेतले तरी होते. सल्ल्याचा गुण मात्र तीन-चार वर्षांनी दिसतो, आणि तोवर सल्ला देणारे गृहस्थ दुसऱ्या कोणाच्या तरी घरी चहा पीत बसलेले असतात!

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कचेरीत मी तीस वर्षे कारकुनी केली. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी ही गर्दी उसळे. गजापलीकडे मुलगा, त्याच्यामागे बाप आणि बापामागे एक 'जाणकार' उभा असायचा. तो कधी मामा, कधी शेजारी, तर कधी बापाचा साहेब. अर्ज मुलाचा, सही बापाची, पण तोंड चालायचे ते जाणकाराचे. आता मी निवृत्त झालो, प्रवेश संगणकावर होऊ लागले, खिडकी गेली; जाणकार तेवढे कायम आहेत.

इतक्या वर्षांत ऐकलेल्या सल्ल्यांवरून माझे एक मत बनले आहे. चुकीचा सल्ला देणारा माणूस सहसा दुष्ट नसतो. आणि तो सल्लाही मुळात वाईट नसतो. तो फक्त शिळा झालेला असतो.

आमच्या सोलापूरचेच पाहा ना. 1877 साली इथे कापडाची पहिली गिरणी उभी राहिली. तिलाच पुढे सारे 'जुनी मिल' म्हणू लागले. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या. सारे गाव भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर जेवे. त्या काळी "पोराला मिलमध्ये चिकटवा, कॉलेजचे खूळ कशाला?" असे कोणी म्हटले तर त्यात गैर काय होते? महिन्याच्या महिन्याला हातात पगार पडत होता. पण या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगे थांबले, तरी तो सल्ला घरोघरी चालूच राहिला. ज्यांनी तो ऐकून मुलांची शाळा तोडली, त्यांच्या हाती ना गिरणी उरली ना पदवी.

"नोकरी तरी कर, नाहीतर कॉलेज तरी कर, दोन्ही डगरींवर पाय नको," हाही असाच एक जुना सल्ला. सोलापूरच्या न्यायालयात साधी नोकरी करता करता सुशीलकुमार शिंदे शिकले. दयानंद महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. केले, आणि 2003 साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. प्रत्येकाने मुख्यमंत्री व्हावे असे नाही. पण कमवीत शिकणे अशक्य आहे, असे निदान सोलापूरकराने तरी कोणाला सांगू नये.

तिसरा सल्ला बाहेरगावचा. "खरे शिक्षण मुंबई-पुण्यालाच!" डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. डॉक्टरी शिकायला ते मुंबईला गेले आणि 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला. त्यांना मुंबईला जाणे भागच होते. दयानंद महाविद्यालय निघाले ते 1940 साली आणि वैद्यकीय महाविद्यालय तर 1963 साली. आज इथे वैद्यकीय आहे, अभियांत्रिकी आहे, आणि 2004 पासून एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठही आहे. तरीही पुण्यात खोलीभाडे आणि खाणावळ यांवर बापाचा प्रॉव्हिडंट फंड संपवून, इथे मिळाली असती तीच पदवी घेऊन परतलेली मुले मी पाहिली आहेत. पुण्याला जाऊच नये, असे मी म्हणत नाही. कशासाठी जायचे, ते आधी ठरवावे.

मग येतो तो "सगळे तिकडेच चाललेत" हा सल्ला. 1983 साली सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जो तो मुलाला इंजिनिअर करायला निघाला. पुढे डी. एड.ची लाट आली. "दोन वर्षांत मास्तर, जन्माची भाकरी!" गल्लीच्या गल्ली डी. एड.ला गेली. 2012 साली शासनाने शिक्षकभरतीवर बंदी घातली, आणि पदविका ट्रंकेत ठेवून मुले दुकानांत हिशेब लिहू लागली.

पण इथेच एक गंमत आहे. आपल्याच जिल्ह्यातले रणजितसिंह डिसले अभियांत्रिकीला गेले होते. तिथे जमले नाही. वडिलांनी अध्यापनाचा मार्ग सुचवला. मुलाच्या मनात धाकधूक होती, तरी तो गेला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या याच गुरुजींना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली! सल्ला तोच, डी. एड.चा. एकीकडे तो गल्लीकडे पाहून दिलेला होता आणि दुसरीकडे मुलाकडे पाहून. फरक पडला तो एवढ्यानेच.

सर्वांत महाग पडतो तो मुलींना मिळणारा सल्ला. 2024 च्या जुलैत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्या घरी आले. मी मुलांचे अर्ज भरून देतो, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मुलीला बारावीला आणि सीईटीलाही चांगले गुण होते.

"बी. ए.चा अर्ज भरून द्या, साहेब. शेजारचे म्हणतात, इंजिनिअरिंगला लाखानं पैसे लागतात. पोरीच्या जातीला एवढं कशाला ओ?"

मुलगी मान खाली घालून बसली होती. बी. ए. काही वाईट नाही. पण तिला ते नको होते, हे आंधळ्यालाही दिसले असते. त्याच महिन्यात शासनाचा निर्णय निघाला होता. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तिथल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींनी शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. मी कागद मुलीच्याच हातात दिला आणि म्हटले, "वाच मोठ्याने."

तिने वाचला. बापाने पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाला, "हे खरं हाय का ओ?"

"मी परवाच सांगितलं होतं, अप्पा," ती हळूच म्हणाली.

अप्पा काही वेळ बोलले नाहीत. मग उठले आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीची वेळ विचारू लागले. मुलगी आज अभियांत्रिकी शिकते आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला आलेले कोणी गृहस्थ चकली मोडता मोडता तुमच्या मुलांचे भवितव्य ठरवू लागले, तर त्यांना चहा अवश्य द्या. पण दोन प्रश्नही नम्रपणे विचारा. ही माहिती आपल्याला कोणत्या साली मिळाली? आणि हेच शिकणारे एखादे मूल आज आपल्या ओळखीचे आहे का? आहे म्हणाले, तर त्या मुलाला खुशाल घरी बोलवा. आणि तिसरा प्रश्न त्यांना नव्हे, स्वतःच्या मुलाला विचारा: तुला काय वाटते? पुष्कळदा उत्तर त्याच्याकडे तयार असते. विचारायचे मात्र आपणच राहून गेलेले असते.