पट वाढला, पण लग्नं थांबली का? – बांगलादेशातील मुलींचे शिक्षण



बालविवाहाचा विषय निघाला की आपण पटकन म्हणतो, "मुलगी शिकली की लग्न आपोआप लांबतं." हे कितपत खरं आहे ते बघायचं असेल तर बांगलादेशाचं उदाहरण जरूर अभ्यासावं. देश मुस्लिमबहुल, आणि गेल्या तीस वर्षांत मुलींना शाळेत आणण्यात त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं.

सुरुवात मात्र फार मागे जाते. रुकैया सखावत हुसेन यांचा जन्म १८८० मध्ये रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी झाला. घरात मुलींना बांगला आणि इंग्रजी शिकायला बंदी. थोरल्या भावाने रात्री घरचे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना शिकवलं. पतीच्या निधनानंतर त्यांनी १९०९ मध्ये भागलपूरला आणि मग १९११ मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. कलकत्त्यात सुरुवातीला मुली होत्या आठ! घरोघर जाऊन पालकांची मनधरणी करावी लागली. पडदा पाळला जावा म्हणून मुलींसाठी चारी बाजूंनी बंद मोटार केली, तर आतल्या अंधारात आणि उकाड्यात मुली बेशुद्ध पडू लागल्या. खिडक्या उघडून पडदे लावले, तर पडदे वाऱ्याने उडतात म्हणून तक्रारीची पत्रं आली. करावं तरी काय त्या बाईंनी? तरीही शाळा बंद पडली नाही. आज ९ डिसेंबर हा दिवस बांगलादेशात 'रोकेया दिवस' म्हणून पाळतात.

आता १९९४ सालाकडे येऊ. सरकारने ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींसाठी देशभर शिष्यवृत्ती सुरू केली. अटी तीन : हजेरी ७५ टक्के, वार्षिक परीक्षेत ४५ टक्के गुण आणि मुलगी अविवाहित असली पाहिजे. रक्कम तशी किरकोळ, सहावीला महिना २५ टका. पण पैसे मुलीच्या स्वतःच्या नावच्या बँक खात्यात जमा व्हायचे, आणि तिची फी सरकार थेट शाळेला द्यायचं. म्हणजे मुलगी पटावर असणं शाळेच्याही फायद्याचं झालं! माध्यमिक शाळांत मुलींची संख्या काही वर्षांतच मुलांच्या बरोबरीला आली, पुढे तर मुली पुढे गेल्या.

मग लग्नं थांबली का? नाही. २०१९ च्या पाहणीत २० ते २४ वयोगटातल्या ५१ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पूर्वीपेक्षा हे प्रमाण कमी आहे हे खरं, पण तरीही निम्म्याहून जास्त.

असं का, याचं उत्तर शाळेत कमी आणि घरात जास्त सापडतं. तिथे हुंड्याला 'जौतुक' म्हणतात. १९८० पासून कायद्याने बंदी आहे, तरी तो चालतोच, आणि मुलीचं वय वाढलं की मागणीही वाढते. त्यामुळे गरीब बापाला वाटतं, आत्ताच उरकून टाकू. शाळेच्या वाटेवर मुलीची छेड निघाली तर छेडणाऱ्याला कोणी अडवत नाही, मुलीचीच शाळा सुटते. नदीने जमीन गिळली की घरातलं एक खाणारं तोंड कमी करायची घाई होते. यात धर्म किती आणि गरिबी व अब्रूची भीती किती, हे ज्याने त्याने तपासावं. निकाहाला मुलीची कबुली लागते, हे शरियतही सांगते. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या 'कबूल'ला अर्थ तो काय?

कायद्याच्या बाबतीत आपलं आणि त्यांचं मूळ एकच. १९२९ चा शारदा कायदा दोघांच्याही वाट्याला आला. तेव्हा मुलीचं किमान वय १४ होतं. तिकडे ते १९६१ मध्ये १६ आणि १९८४ मध्ये १८ झालं. २०१७ मध्ये त्यांनी नवा कायदा केला, शिक्षाही वाढवल्या. पण त्यातच एक पळवाट ठेवली : 'विशेष परिस्थितीत', पालकांच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने, अठराच्या आतही लग्न होऊ शकतं. त्यासाठी खालची वयोमर्यादाच लिहिलेली नाही. तिथल्या महिला संघटनांनी याला कडाडून विरोध केला, आणि माझ्या मते तो रास्तच होता. बलात्कार झालेल्या मुलीचं त्याच माणसाशी लग्न लावून प्रकरण मिटवायला ही वाट वापरली जाईल, ही त्यांची भीती.

त्या शिष्यवृत्तीतली एक गोष्ट आपण शिक्षकांनी नीट बघावी. 'अविवाहित' ही अट दहावीपर्यंतच होती. परीक्षा झाली की खातं थांबायचं, आणि नापास झालेल्या मुलीला तर घरी बसण्याखेरीज काही उरतच नसे. निकालानंतरच्या त्या दोन-तीन महिन्यांत तिची चौकशी करणारं शाळेत कोण होतं? हजेरीपटावर तर तिचं नावच नसायचं.