शिंजिराचा जांभळा अंगरखा

उन्हाळ्याच्या तोंडावर जास्वंदीवर लगबगीनं गाणारा, जेमतेम १० सेंटिमीटरचा पक्षी तुम्ही पाहिला असेल. तो जांभळा शिंजीर. सावलीत काळा दिसतो, उन्हात येताच जांभळा-निळा. माझ्यासारख्या कवीला ही जादू वाटते. पण तिचं उत्तर पिसांत आहे. हळद्याचा पिवळा रंग अन्नातल्या रंगद्रव्यांतून येतो. शिंजिराची झळाळी मात्र पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे, प्रकाशाच्या खेळातून उमटते. विणीचा हंगाम सरला की नर हा अंगरखा उतरवतो; मग पिवळट अंगावर गळ्यापासून एक काळी रेघ तेवढी उरते.

मादी बारा महिने साधी, मातकट-पिवळट. पण घर तीच बांधते. गवत, सालपटं, कोळ्याची जाळी यांची लोंबती थैली. वरून काडीकचरा चिकटवलेला. म्हणूनच आपण ती जळमट समजून ओढून टाकतो. मोठे शिंजीर मुख्यतः फुलांतल्या मधावर जगतात, पिलांना मात्र किडे आणि कोळी भरवतात. तेव्हा मंडळी, उन्हाळ्यात फांदी छाटण्यापूर्वी एकदा निरखून बघा आणि फवारणीचा पंप जरा बाजूला ठेवा. अंगणात गाणं हवं असेल, तर कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंही सोसायला हवं.