थंड केबिन आणि इंजिनाचा ताप

मळणीच्या व ऊसतोडणीच्या मोठ्या यंत्रांवर थंड हवेची केबिन असणें ही आतां केवळ चैन राहिलेली नाहीं. भर उन्हांत चालकाचें आरोग्य व कामाचा उरक या दोहोंस ती उपकारक होय. परंतु या गारव्याचा भार इंजिनास सोसावा लागतो, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

केबिनमधील उष्णता गॅसच्या द्वारें बाहेर आणून कंडेन्सर नांवाच्या जाळींत सोडली जाते. पुष्कळ यंत्रांत ही जाळी रेडिएटरच्या पुढेंच बसविलेली असते. त्यामुळें रेडिएटरला मिळणारी हवा आधींच तापलेली असते. शिवाय कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत असल्यानें इंजिनाचें काम वाढतें तें निराळेंच.

यासाठीं कांहीं योजना केलेली असते. बहुतेक मोटारींत थंड हवा सुरू केली कीं विजेचा पंखा फिरूं लागतो. पंख्यास क्लच असलेल्या ट्रॅक्टरांत रेडिएटरमागील हवा तापली म्हणजे पंख्याचा वेग वाढतो. तरीही पाणी मर्यादेबाहेर तापल्यास कित्येक यंत्रांतील नियंत्रक कॉम्प्रेसरच बंद करितो. चालकास वाटतें, गॅस संपला. आणि मालकाचे पैसे व्यर्थ जातात. म्हणून केबिनचा गारवा गेल्यास प्रथम पाण्याच्या उष्णतेचा काटा पाहावा.

काटा वर असल्यास दोन जाळ्यांमधील फट तपासावी. तेथें साचलेलें पाचट व भुसा पुढून दिसत नाहीं. इंजिन बंद करून तें निवल्यावर पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस हवा मारावी. जाळी सरकती असेल तर सरकवून मधला कचरा काढावा. पाण्याचा जोरदार फवारा मारूं नये; त्यानें जाळीचीं पातळ पातीं वाकतात.

चालू कामांत काटा चढला तर थंड हवा बंद करावी, भार उतरवावा व इंजिन कांहीं मिनिटें मोकळें चालूं द्यावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कदापि उघडूं नये. एका वातावरणाइतक्या जादा दाबाखालीं पाणी सुमारें १२० अंश सेंटिग्रेडला उकळतें. झांकण काढतांच तें उसळून अंग भाजतें.

इंजिनाचें हेड वाकलें तर ऐन हंगामांत यंत्र उभें राहतें आणि तोडलेला ऊस शेतांत वाळतो. तें टाळण्यासाठीं हंगामांत रोज सकाळीं जाळी साफ करण्याचा परिपाठ आमच्या शेतकरी बंधूंनीं ठेवावा, इतकेंच आम्ही सुचवितों.