लवंगेचं तेल आणि दातातलं सिमेंट

परवा आमच्या क्लिनिकमध्ये एक काकू आल्या. दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा. "भावजी, दुखणं थांबलंय, आता सिमेंट भरून टाका!"

म्हटलं, काकू, आज पांढरं सिमेंट नको.

निळा लाइट मारून कडक करतात ते पांढरं सिमेंट म्हणजे रेझिन. लवंगेतलं युजेनॉल त्याला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि त्याची पकडही कमी बसते. बोळा काढला तरी दातात अंश उरतो. झिंक ऑक्साइडच्या तात्पुरत्या सिमेंटला मात्र युजेनॉलच लागतं. दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच.

पण सगळी तेलं शत्रू नाहीत हं.

सिमेंट चिकटवताना आम्ही ॲसिड लावून धुतो. आतल्या डेंटिनमधले कोलॅजनचे धागे उघडे पडतात, त्यांत रेझिन शिरून पकड बसते. दातातलीच एन्झाइम्स हे धागे हळूहळू कुरतडतात आणि पकड सुटते.

इथे येतो काजू! टरफल काढताना कोकणात बायकांचे हात ज्या तेलकट चिकाने भाजतात, त्यात कार्डॉल आणि कार्डॅनॉल असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी ती वेगळी काढून, काढलेल्या दातांच्या डेंटिनवर लावून पाहिली. कोलॅजनचे धागे चिवट होतात, असं दिसलं. (काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच गोव्यात आणला!)

हे प्रयोगशाळेतलं काम आहे. घरी चीक लावाल तर हिरडी भाजेल.

काकूंना तात्पुरतं सिमेंट भरून पुढची तारीख दिली. बोळा ठेवून भरायला येणार असाल तर आधी सांगा.