हॉर्न कुणाला बसतो?

फेरारीचं पोस्टर नाही असा मजला आपल्या हॉस्टेलात सापडणार नाही. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हेही सगळ्यांना पाठ. पण अशी गाडी दिसली की रस्त्यावरचे अनोळखी लोक कसे वागतात, हे मला जास्त मजेशीर वाटतं.

१९६६ साली कॅलिफोर्नियात डूब आणि ग्रॉस या दोघांनी एक खोडी काढली. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवायची नाही आणि मागचा हॉर्न कधी मारतो ते मोजायचं. कधी नवीकोरी क्रायस्लर इम्पीरियल, कधी जुनी फोर्ड किंवा रॅम्बलर. जुन्या गाडीला ८४ टक्के लोकांनी हॉर्न मारला, इम्पीरियलला ५० टक्क्यांनी. दोघांनी तर हॉर्नची तसदी न घेता जुन्या गाडीला मागून बंपरच टेकवला! अडवणूक तीच, पण राग काढायचा तो समोरच्याचं वजन बघून. आणि ते वजन आपण गाडीवरून ठरवतो. गंमत म्हणजे कॉलेजच्या पोरांना नुसतं कागदावर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, महागड्या गाडीला आम्ही आधी हॉर्न मारू. (कट्ट्यावर सगळेच शूर!)

२०१० मध्ये ब्रिटनमधल्या डन आणि सर्ल यांचा अभ्यास आला. बेंटली कॉन्टिनेंटलमध्ये बसलेला पुरुष बायकांना जास्त देखणा वाटला, तोच फोर्ड फिएस्टात कमी. पुरुषांना मात्र बाई कुठल्या गाडीत बसलीय याने फरक पडला नाही.

आपल्या मेसच्या काकांची जुनी लूना चौकात बंद पडते, तेव्हा मागचे किती वेळ थांबतात? मी मोजलंय. दोन सेकंदसुद्धा नाही.